अकरा घरं आणि एक ओळ

"आडनाव?" मी मान वर न करताच विचारलं.

"टन्स्टॉल."

आमच्या टाउनशिपचं, म्हणजे गावाचं, मतदान अग्निशामक दलाच्या शेडमध्ये होतं. त्या दिवसापुरते बंब बाहेर अंगणात उभे करतात आणि आत टेबलं मांडतात. 'एन'पासून पुढच्या आडनावांची यादी माझ्याकडे होती. मी पानं उलटून 'टी'वर आले. टॅगर्टनंतर थेट टर्नर होते, मध्ये कुणी नव्हतं.

"नाव दिसत नाही हो. पत्ता बदललाय का?"

"बदललाय. बावन्न वर्षांपूर्वी." ती बाई शांतपणे म्हणाली. "मी मत द्यायला नाही आले. तुम्हाला शोधत आले. कचेरीत सांगितलं, जॉयस हाल्डमन आज इथे भेटतील. तुम्हीच ना त्या लिहिणाऱ्या?"

आता मी वर बघितलं. साठीची, उंच, काळी बाई. केस बारीक कापलेले, हातात मोठी पर्स. कपाळ मात्र थेट बापाचं. मी ओळखलं नाही असं दाखवलं. अडतीस वर्षं टाउनशिपची सेक्रेटरी होते मी, ओळख न दाखवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मागे तिघंजण खोळंबले होते, तेव्हा तिला म्हटलं, दोन वाजता माझी सुट्टी होते, तोवर बसा. ती बसली. अग्निशामक दलाच्या बायका शेजारीच केक विकत होत्या, त्यांनी आग्रह करूनही तिने काही घेतलं नाही.

दोन वाजता मी तिच्याजवळ बाकावर जाऊन बसले. तिचं नाव रोशेल. शाळेची बस चालवून गेल्या वर्षी निवृत्त झालेली. टाउनशिपला अडीचशे वर्षं होतात म्हणून फाउंडर्स पार्कमध्ये पितळी फलक बसणार आहे, हे तिने पेपरात वाचलं होतं. मजकूरही छापून आला होता. 'खाणीलगतच्या या पडीक रानाचे १९७५ साली उद्यानात रूपांतर झाले.'

"तिथे रान नव्हतं," रोशेल म्हणाली. "तिथे क्वारी लेन होती. अकरा घरं होती. तिसऱ्या घरात माझा जन्म झाला. माझ्या वडिलांनी सभेत उभं राहून सगळ्यांची नावं सांगितली होती. मरेपर्यंत म्हणायचे, काळजी करू नका, त्या पोरीने सगळं लिहून घेतलंय, टाउनशिपच्या वहीत आहे. म्हणून मी कचेरीत गेले. त्यांनी वही काढून दाखवली. त्यात एक ओळ आहे. एकच. दुसरी वही असेल ना कुठेतरी?"

"बघते," मी म्हणाले.

बघण्यासारखं काही नव्हतं. दुसरी वही नव्हती, हे मला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं. तरी मी 'बघते' म्हणाले आणि तिने विश्वास ठेवला. तिने माझा हात हातात घेऊन आभार मानले. लाजेने मेल्यासारखं होतं म्हणतात ते काय, हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं.

आता सगळं सांगायलाच हवं.

१९७३च्या सप्टेंबरात मी नोकरीला लागले. पंचवीस वर्षांची होते, टायपिंग आणि लघुलिपीत पहिली आलेली आणि त्याचा तोरा असलेली. तेव्हा सभा रस्ते खात्याच्या गॅरेजवरच्या खोलीत भरत. खालून डिझेलचा वास वर येई. मंडळाचे पाच सभासद आणि त्यांच्या मध्यभागी अध्यक्ष ऑर्विल डेट्वायलर. त्यांचं रोपांचं आणि खतांचं दुकान होतं. बावीस वर्षं ते अध्यक्ष होते. वाईट माणूस नव्हते ते. वाईट असते तर मला आज पुष्कळ सोपं गेलं असतं.

ऑक्टोबरच्या सभेत क्वारी लेनची जमीन घ्यायचा ठराव होता. टाउनशिपला मोकळी जागा हवी होती, मुलांना बेसबॉल खेळायला. घरं राहण्यास अयोग्य आहेत असा इंजिनियरचा शेरा होता. सांडपाण्याची नळी त्या रस्त्यापर्यंत टाउनशिपनेच कधी नेली नव्हती, हे शेऱ्यात नव्हतं. लेनवरची सगळी कुटुंबं काळी होती, बाकी टाउनशिप गोरी. हे कुणी मोठ्याने म्हणत नसे, आणि ठाऊक मात्र सगळ्यांना होतं. मलाही.

नागरिकांच्या बोलण्याची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एलिस टन्स्टॉल उठले. शाळेचे शिपाई. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांच्या मुलांना त्यांनी बर्फातून उचलून वर्गात पोचवलेलं. रविवारचा काळा कोट घालून आले होते, टोपी हातात.

"मी भांडायला नाही आलो," ते म्हणाले. "जमीन तुम्ही घेणार, ते मला कळतंय. पण उद्या कुणी विचारलं, इथे कोण राहत होतं, तर तुमच्या वहीत सापडलं पाहिजे. म्हणून नावं सांगतो. सावकाश सांगतो, म्हणजे बाईंना लिहिता येईल."

आणि खरोखरच ते सावकाश बोलले. रस्त्याच्या तोंडापासून एकेक घर घेतलं. कोण राहतं, कधीपासून, मुलं किती, कोण खाणीत होतं, कोण कुठल्या बंगल्यावर स्वयंपाकाला, अंगणात काय लावलंय. वीस मिनिटं लागली. डेट्वायलरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, पण थांबवलं नाही. मी अकरा पानं लिहिली. एक शब्द सोडला नाही. हात दुखत होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

ठराव अर्थातच पाच विरुद्ध शून्य मंजूर झाला. सभा संपल्यावर एलिस टन्स्टॉल माझ्या टेबलाशी आले.

"सगळं घेतलंत ना, मिस?"

मी वहीवर हात ठेवला. "हो, सगळं."

ते खरं होतं. पाच दिवस खरं होतं.

सहाव्या दिवशी मी टाइप केलेलं इतिवृत्त घेऊन डेट्वायलरांच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा लावला, पानं चाळली आणि हसले. "पोरी, ही काय कादंबरी लिहिलीस का? इतिवृत्तात जे झालं ते लिहायचं. जे बोलले ते नाही. आणि हे वाचणार कोण? सभेत आपण वाचनच माफ करतो."

नियम बरोबर होता. सभाशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात तोच दिलेला असतो. आपल्याला कुणीतरी काम शिकवतंय याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. कुणी मला धमकावलं नाही, कुणी काही लपवायला सांगितलं नाही. मी कचेरीत गेले, नवा कागद घातला आणि वीस मिनिटांची एक ओळ केली. 'एका रहिवाशाने जमीन खरेदीबाबत मत मांडले. कार्यवाही नाही.'

नोव्हेंबरच्या सभेला टन्स्टॉल पुन्हा आले. मागच्याच रांगेत बसले, टोपी गुडघ्यावर. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करावे,' अशी सूचना आली, अनुमोदन मिळालं. "काही दुरुस्ती?" डेट्वायलरांनी विचारलं. दोन सेकंद कुणी बोललं नाही. इतिवृत्त कायम झालं. टन्स्टॉलनी माझ्याकडे बघून मान हलवली, आभार मानल्यासारखी. त्यांच्या लेखी त्या क्षणी अकरा घरं वहीत गेली होती. ते कोट सावरून उठले आणि जिना उतरून निघून गेले. मी पेन्सिलीला टोक काढत बसले.

इतिवृत्त कायम झालं की कच्च्या वह्या जाळायच्या, असा रिवाज होता. गॅरेजमागे एक पिंप होतं. ती वही मी माझ्या हाताने त्यात टाकली. वसंतात लेनवर बुलडोझर आले.

पुढची सदतीस वर्षं मी तशाच ओळी लिहिल्या आणि नीटनेटकेपणाबद्दल जिल्ह्याकडून दोनदा प्रशस्तिपत्रं मिळवली. निवृत्तीनंतर इतिहास समितीवर घेतलं. तिथे नियम केला तोही मीच. 'कागद असेल तरच छापू, ऐकीव नको.' फलकाचा मजकूर माझा. 'पडीक रान' हे शब्द माझे. मी विसरले होते का? नाही. आठवायचं सोडून दिलं होतं, आणि त्या दोहोंत फरक आहे.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मी पार्कात गेले. मे महिना होता. बेसबॉलच्या मैदानामागे, कुंपणापलीकडे लायलॅकची झुडपं जांभळ्या फुलांनी भरली होती. पन्नास वर्षं मी ती बघत आले होते. त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं की ती सरळ रांगेत आहेत, ठरावीक अंतरावर. रान असं उगवत नाही. ती कुणाच्या तरी दारापुढे लावलेली झुडपं होती, फक्त दार नव्हतं. आणखी मागे एक जुनं पेअरचं झाड. त्याची फळं मुलं एकमेकांना फेकून मारतात म्हणून ते तोडावं, असा अर्ज माझ्याच काळात आला होता. मी बाकावर बसले आणि लघुलिपीत लिहायला लागले, कारण मला वाटलं, हाताला तरी आठवेल.

हाताला चार घरं आठवली. पेअरच्या झाडाचं घर गेन्स कुटुंबाचं. लायलॅक मिसेस पर्नेलचे, कारण टन्स्टॉल म्हणाले होते की फुलं आली की त्या प्रत्येक घरी एक गुच्छ पाठवतात. व्हिटलॉक नावाचे दोन भाऊ, एकाचा हात खाणीत गेलेला. आणि टन्स्टॉल स्वतः. बाकी सात घरांच्या जागी मला फक्त त्यांचा आवाज आठवत होता, सावकाश बोलणारा. शब्द नाहीत.

त्या आठवड्यात मी रोशेलकडे गेले. नॉरिसटाउनला दुसऱ्या मजल्यावर राहते ती. तिने बर्फ घातलेला चहा पुढे केला. मी हातही न लावता सगळं सांगून टाकलं: वही, दुकान, ओळ, पिंप. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इकडे आल्यावर आईला अंगण नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "ती रडायला लागली की बाबा म्हणायचे, तुझी गुलाबं टाउनशिपच्या वहीत आहेत, वाटेल तेव्हा जाऊन बघ. आम्ही कधी गेलो नाही. लिहिलंय म्हटल्यावर जायचं कशाला? एकोणीस वर्षं बाबा त्या वहीच्या भरवशावर राहिले, मिसेस हाल्डमन."

मी माफी मागितली. तिने ती घेतलीही नाही, नाकारलीही नाही. माझ्यापुढची यादी ओढून घेतली आणि चार घरं वाचली.

"मोझ्बी लिहा. चर्चचे डीकन मोझ्बी, पहिलं घर. आणि सातव्यात टूटीमावशी होत्या." ती थांबली. "आडनाव नाही माहीत. मी अकरा वर्षांची होते. आम्हा पोरांना त्या टूटीमावशी. आडनावं मोठ्यांना ठाऊक असतात."

ते मोठे आता कोणीच नव्हते. तिने सगळीकडे विचारून झालं होतं. सहा घरं झाली. पाच राहिली.

मी निघाले तेव्हा तिने दारात मला थांबवलं. "मला सांगितलंत ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण बाबांनी मला नव्हतं सांगितलं. त्यांनी तिथे सांगितलं होतं. तुम्हीपण तिथे सांगा."

जूनच्या सभेआधी मी टाउनशिपच्या वकिलाला गाठलं. कोवळा पोरगा आहे, पण कायदा जाणतो. तो म्हणाला, त्या वेळच्या सेक्रेटरीचं निवेदन मंजूर इतिवृत्तात आलं की तोच कागद झाला, मग समिती त्यावरून फलक बदलू शकते. इतिवृत्तात आलं पाहिजे मात्र. फलकाच्या ओतकामवाल्यांना मजकूर जुलैअखेर द्यायचा होता. म्हणजे जूनमध्ये मी बोलायचं, जुलैमध्ये ते कायम व्हायचं आणि त्याच सभेत फलकावर मत. एवढी एकच वाट होती.

आता सभा नव्या इमारतीत भरते, गालिचा घातलेल्या दालनात. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं, आणि समोर दिवा. हिरवा, मग पिवळा, मग लाल. हा दिवा बसवायचा प्रस्ताव कुणी टाइप केला होता ते विचारू नका. रोशेल मागच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी उभी राहिले आणि माझं नाव, पत्ता सांगितला, नियमाप्रमाणे. लेन सांगितली, एलिस टन्स्टॉल सांगितले, सहा घरं सांगितली. मी काय लिहिलं होतं आणि काय जाळलं होतं तेही सांगितलं. लाल दिवा लागला तेव्हा मी पिंपापाशी होते. अध्यक्ष हॉलोवे भला माणूस आहे, त्याने आणखी अर्धं मिनिट दिलं. मग माझे मनापासून आभार मानले आणि फलकाचा विषय जुलैवर ढकलला.

सभा संपल्यावर मी ट्रेसीच्या टेबलाशी गेले. ट्रेसी आताची सेक्रेटरी. माझ्या हाताखाली सहा वर्षं होती, मीच तिला तयार केली. चोख पोरगी.

"सगळं घेतलंस ना?" मी विचारलं.

"हो जॉयस, सगळं." तिने पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघून गोड हसली.

तो आवाज मी ओळखला. कारण ट्रेसीला पहिल्याच दिवशी काय शिकवलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. जे झालं ते लिहायचं. जे बोलले ते नाही.

तिला फोन करावासा वाटला. पण सेक्रेटरीने लिहिलेल्यात बाहेरच्याने नाक खुपसायचं नाही, हेही तिला मीच शिकवलेलं, आणि कच्चं इतिवृत्त सभेआधी बाहेर देत नाहीत. वाचन माफ झालं की पुन्हा सगळं संपणार होतं, तसंच्या तसं. नियमाने इतिवृत्त वाचायला लावण्याचा अधिकार फक्त पाच सभासदांना आहे. एकाने हरकत घेतली तरी वाचावं लागतं. माझ्या काळात कुणी कधी घेतली नव्हती. चौघे सभासद जुने, त्यांना घरी जायची घाई. पाचवे डॉक्टर कापूतो, जानेवारीत मंडळावर आलेले. ते माझे दाताचे डॉक्टर.

मी दात साफ करायची वेळ घेतली. त्या खुर्चीत सहसा तेच बोलतात आणि बाकीच्यांचं तोंड उघडं असतं. मी त्यांचा हात धरून बाजूला केला आणि आधी माझं ऐकून घ्या म्हटलं.

"म्हणजे मी फक्त 'हरकत आहे' म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"म्हणायचं, वाचा."

"एवढंच? जॉयस, लोक मला शिव्या देतील. पंधरा पानं असतात."

"चौदा," मी म्हणाले. "आणि दुरुस्ती विचारतील तेव्हा माझं नाव घ्यायचं."

त्यांनी बराच वेळ चिमट्याशी चाळा केला. मग म्हणाले, तोंड उघडा. हो की नाही ते मला सभेपर्यंत कळलं नाही.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी दालनात जेमतेम वीस माणसं होती. बाहेर लख्ख ऊन, कुठेतरी गवत कापण्याचं यंत्र चालू होतं. रोशेल मागच्या रांगेत होती. मी तिच्याशेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या रांगेतून सभा बघत होते. तिथून सेक्रेटरीचा फक्त माथा दिसतो, ती काय लिहिते ते नाही.

"मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करावे," कुणीतरी म्हणालं. अनुमोदन मिळालं. हॉलोवेने सवयीने पुढचं पान उलटलं.

"हरकत आहे," डॉक्टर कापूतो म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "वाचा."

हॉलोवेला आधी कळलंच नाही. मग त्याने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने मान डोलावली. लोक खुर्च्यांत चुळबुळले, पुढच्या रांगेतल्या एकाने चक्क घड्याळ दाखवलं. ट्रेसी वाचायला लागली. हजेरी, रस्त्यांचा अहवाल, पावसाळी गटारांचा अहवाल, पोलीस प्रमुखांचं निवेदन. छान वाचते ती. नवव्या पानावर ती पाणी प्यायला थांबली आणि एकदा मागे, माझ्याकडे बघितलं. तेव्हाच मला कळलं.

"'नागरिकांचे मनोगत,'" तिने वाचलं. आवाज जरा खाली आला होता. "'एका रहिवाशाने फलकाच्या मजकुराबाबत मत मांडले. कार्यवाही नाही.'"

माझीच ओळ. फक्त जमीन खरेदीच्या जागी फलक. मला तिचा राग आला नाही, कुठल्या तोंडाने येणार? शेजारी रोशेलने एक लांब श्वास घेतला. त्या श्वासाखातर तरी मी त्या दिवशी डेट्वायलरांना नाही म्हणायला हवं होतं. एकदाच. पंचविशीत तेवढं जमायला काय हरकत होती?

ट्रेसीने शेवटचं पान संपवलं. "काही दुरुस्ती?" हॉलोवेने विचारलं आणि तेच दोन सेकंद आले. अडतीस वर्षं ते मी मोजत आले होते.

"आहे," डॉक्टर कापूतो म्हणाले. "दुरुस्ती माझी आहे. मिसेस हाल्डमन सांगतील."

मी माइकपाशी गेले. दिवा कुणी लावला नाही, दुरुस्तीला वेळेचं बंधन नसतं. कागद माझ्या हातात होता, पण चष्मा रोशेलपाशी राहिला, तेव्हा तशीच बोलले.

"नवव्या पानावर जी एक ओळ आहे, तिच्या जागी हे घ्यायचं," मी म्हणाले. "क्वारी लेनवर अकरा घरं होती. पहिलं घर, डीकन मोझ्बी. दुसरं घर, गेन्स कुटुंब, मागे पेअरचं झाड, ते अजून आहे. तिसरं घर, एलिस टन्स्टॉल, पत्नीने लावलेली गुलाबं."

"जरा सावकाश, जॉयस," ट्रेसी म्हणाली. ती लिहीत होती. मान खाली, भराभर, आणि तिचे कान लाल झाले होते.

मी सावकाश घेतलं. चौथं घर, मिसेस पर्नेल, लायलॅक. मग पाचवं आलं आणि मी थांबले. बाहेरचं गवताचं यंत्र बंद झालं होतं.

"पाचवं घर," मी म्हणाले. "नाव एलिस टन्स्टॉल यांनी सांगितले होते. त्या वेळच्या सेक्रेटरीने ते टाकून दिले."

ट्रेसीचा हात थांबला. तिने वर पाहिलं. "हेसुद्धा लिहू?"

"हेसुद्धा. अशी पाच घरं आहेत. प्रत्येकाला वेगळी ओळ दे, एकत्र करू नकोस. आणि नुसतं सेक्रेटरी नको. माझं नाव घाल."

ती खाली वाकून लिहायला लागली. तिचं लिहून होईपर्यंत मी थांबले आणि मग सहावं घर सांगितलं.